कंपवाताच्या रुग्णाची मूत्रपिंडे आणि त्याची बुद्धी

हातांना कंप सुटणे, अंग ताठरणे, चाल आखूड व मंद होणे, चेहऱ्यावरील भाव लोपणे, अक्षर बारीक होत जाणे ही कंपवाताची, म्हणजेच पार्किन्सनच्या रोगाची, लक्षणे आता बहुतेक कुटुंबांना निदान ऐकून तरी ठाऊक असतात. काही वर्षांनी याच रुग्णाच्या बुद्धीवरही परिणाम दिसू लागतो. बोलता बोलता विषयाचा धागा सुटतो, साधा हिशेब जमत नाही, ओळखीच्या वाटेवर गोंधळ उडतो आणि कधीकधी नसलेली माणसे दिसू लागतात. अशा वेळी ‘रोग वाढला’ असे म्हणून घरची मंडळी सुस्कारा टाकतात. पुष्कळदा ते खरेही असते. परंतु ते संपूर्ण सत्य असेलच असे नाही. या बिघाडात रुग्णाच्या मूत्रपिंडांचाही वाटा असू शकतो आणि त्यातील काही भाग दुरुस्त होण्याजोगा असतो. म्हणूनच बुद्धीतील ऱ्हासाचा सर्व दोष मेंदूवर टाकण्यापूर्वी मूत्रपिंडांची विचारपूस करणे अगत्याचे ठरते.

जेम्स पार्किन्सन या लंडनच्या वैद्याने १८१७ साली या रोगाचे पहिले व्यवस्थित वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा रुग्णाची बुद्धी व संवेदना शाबूत राहतात असे त्याने नमूद केले होते. त्याचा हा समज पुढील दीर्घकाळ टिकून राहिला. मेंदूच्या तळाशी असलेल्या कृष्णद्रव्य नावाच्या भागातील पेशी नष्ट होतात व त्या निर्माण करीत असलेल्या डोपामीन या रसायनाची उणीव भासते, हे विसाव्या शतकाच्या मध्यानंतर स्पष्ट झाले. १९६१ पासून लेव्होडोपाचे प्रयोग सुरू झाले आणि जखडलेली माणसे पुन्हा चालू लागली. रुग्णांचे आयुष्य वाढले. आयुष्य वाढले म्हणूनच रोगाची दुसरी बाजू दिसू लागली. ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे १९८४ पासून रुग्णांच्या एका गटाचा दीर्घ पाठपुरावा करण्यात आला. वीस वर्षांनंतर हयात असलेल्यांपैकी ८३ टक्के रुग्णांत बुद्धिभ्रंश आढळला. अलीकडच्या काही पाहण्यांतील प्रमाण मात्र याहून बरेच कमी आहे. तेव्हा सिडनीचा आकडा प्रत्येक रुग्णाच्या कपाळी लिहिलेला आहे असे मानण्याचे कारण नाही. ऱ्हासाची गती माणसागणिक भिन्न असते. ती कशाकशावर अवलंबून असते याचा शोध घेताना संशोधकांचे लक्ष मूत्रपिंडांकडेही गेले.

वरवर पाहता या दोन अवयवांचा संबंध दूरचा वाटतो. परंतु रक्तपुरवठ्याच्या दृष्टीने मेंदू व मूत्रपिंडे ही सख्खी भावंडे होत. शरीराच्या वजनात दोन्ही मूत्रपिंडांचा वाटा अर्ध्या टक्क्याहूनही कमी. तरीही हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्तापैकी सुमारे पाचवा हिस्सा त्यांच्याकडे जातो. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, आणि त्याच्या वाट्याला येणारे रक्त सुमारे १५ टक्के. दोन्हीकडे रक्त अखंड व मोठ्या प्रवाहाने वाहत राहावे अशी योजना असल्यामुळे तेथील सूक्ष्म वाहिन्यांना रक्तदाबाचा तडाखाही थेट बसतो. मधुमेह, उच्च रक्तदाब व धूम्रपान यांमुळे मूत्रपिंडांतील केशिकागुच्छ निबर होत असतात, त्याच काळात मेंदूच्या अंतर्भागातील बारीक रोहिण्याही निबर होत असतात. मूत्रपिंडाची चाळणी झिरपू लागली की लघवीत अल्ब्युमीन हे प्रथिन उतरते. ही खूण लघवीच्या साध्या तपासणीने कळते. मेंदूतील वाहिन्यांची अवस्था मात्र एवढ्या स्वस्तात कळत नाही. म्हणून लघवीतील अल्ब्युमीनकडे मेंदूविषयी मिळालेली सूचना म्हणूनही पाहिले जाते.

दुसरा दुवा शुद्धीकरणाचा. निरोगी मूत्रपिंडे चोवीस तासांत सुमारे १८० लिटर द्रव गाळतात व त्यातील दीड-दोन लिटर वगळता बाकी सर्व परत घेतात. हे काम मंदावले की आतड्यांतील जंतूंनी प्रथिनांपासून तयार केलेली काही द्रव्ये रक्तात साचू लागतात. इंडॉक्सिल सल्फेट व पॅरा-क्रेसिल सल्फेट ही त्यांपैकी दोन. रक्तवाहिन्यांच्या अस्तराला ती अपायकारक ठरतात. कंपवाताच्या रुग्णाला बद्धकोष्ठ बहुधा असतेच, कित्येकदा कंप सुटण्याच्या आधीपासून. मलाचा मुक्काम आतड्यात लांबल्याने या द्रव्यांच्या निर्मितीला आणखी वाव मिळतो. याशिवाय मूत्रपिंडे रक्तपेशींच्या निर्मितीला चालना देणारे एरिथ्रोपोएटीन हे संप्रेरक तयार करतात. ते कमी पडले की पंडुरोग जडतो, आणि रक्तातील लोह्यरंजक कमी असलेल्या वृद्धाचे चित्त एकाग्र होत नाही हा नित्याचा अनुभव आहे.

कंपवात नसलेल्या वृद्धांमध्ये मूत्रपिंडांची गाळण्याची गती मिनिटाला ६० मिलिलिटरच्या खाली गेली असता बुद्धीच्या ऱ्हासाचे प्रमाण अधिक आढळते, ही गोष्ट अनेक देशांतील पाहण्यांतून पुढे आलेली आहे. कंपवाताच्या रुग्णांतही असाच कल दिसल्याचे काही पाठपुराव्यांत म्हटले आहे. विशेषतः अवधान, नियोजन व कामाचा वेग या शक्तींवर आघात होतो. आणि नेमक्या याच शक्ती कंपवातात प्रथम दुबळ्या होतात. तथापि अशा अभ्यासांतून साहचर्य सिद्ध होते, कार्यकारणभाव नव्हे. वय दोहोंनाही वाढवते, मधुमेहही दोहोंना वाढवतो. त्यामुळे कोणाचा दोष किती हे वेगळे काढणे दुष्कर असते.

या संदर्भात चीनमधील वुहान येथील संशोधकांनी २०२५ साली प्रसिद्ध केलेले काम लक्षवेधी आहे. कंपवाताच्या रुग्णाच्या मेंदूतील पेशींत जे गोळे आढळतात, त्यांना १९१२ साली त्यांचे वर्णन करणाऱ्या फ्रीडरिश लेवी यांच्या नावावरून लेवी पिंड म्हणतात. ते मुख्यत्वे अल्फा-सायन्यूक्लीन या प्रथिनाचे असतात. वुहानच्या संशोधकांना हे प्रथिन विकृत रूपात रुग्णांच्या मूत्रपिंडांतही सापडले. इतकेच नव्हे, तर मज्जाविकार नसलेल्या परंतु मूत्रपिंडे निकामी झालेल्या काही व्यक्तींच्या मूत्रपिंडांतही सापडले. उंदराच्या मूत्रपिंडात ते टोचले असता पुढे मेंदूत पसरले, आणि मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या मज्जातंतूंचा संबंध तोडला असता हा प्रसार रोखला गेला. निरोगी मूत्रपिंड हे प्रथिन रक्तातून काढून टाकते व आजारी मूत्रपिंडाला ते जमत नाही, असे त्यावरून दिसते. उंदरावरून माणसाविषयी निष्कर्ष काढण्याची घाई कोणी करू नये. पण मूत्रपिंड व कंपवात यांचा संबंध केवळ रक्तवाहिन्यांपुरता नसावा, अशी शंका घेण्यास त्यामुळे जागा झाली आहे.

क्रिएटिनीनचा चकवा

हे सर्व संशोधनाच्या कक्षेतील झाले. रुग्णाच्या दृष्टीने आज, येथे, उपयोगी पडणारा भाग याहून साधा आहे, आणि दुर्लक्ष होते ते नेमके त्याच्याकडे.

मूत्रपिंडांची तपासणी म्हणजे रक्तातील क्रिएटिनीन पाहणे, असा सर्वसाधारण प्रघात आहे. क्रिएटिनीन हे स्नायूंपासून उत्पन्न होते. कंपवाताचा जुना रुग्ण बहुधा कृश असतो. वजन घटलेले, स्नायू झडलेले. त्याच्या शरीरात क्रिएटिनीन मुळातच थोडे तयार होते. त्यामुळे मूत्रपिंडे निम्म्याहून अधिक थकली तरी अहवालातील आकडा ‘सामान्य’ या रकान्यातच राहतो, आणि त्या शब्दावर विसंबून सर्वजण निश्चिंत होतात.

उदाहरणार्थ, ७८ वर्षांची, ४२ किलो वजनाची एक स्त्री घेऊ. तिचे क्रिएटिनीन १.० आहे. कॉकक्रॉफ्ट व गॉल्ट यांनी १९७६ साली दिलेले सूत्र असे की, १४० मधून वय वजा करावे, उरलेल्या संख्येला किलोतील वजनाने गुणावे व त्या गुणाकाराला ७२ गुणिले क्रिएटिनीन या संख्येने भागावे. रुग्ण स्त्री असल्यास येणाऱ्या उत्तराला ०.८५ ने गुणावे. १४० उणे ७८ म्हणजे ६२, ६२ गुणिले ४२ म्हणजे २६०४, त्याला ७२ ने भागले की ३६, आणि ०.८५ ने गुणल्यावर सुमारे ३१. म्हणजे मिनिटाला ३१ मिलिलिटर. तरुण निरोगी व्यक्तीच्या ती एक-तृतीयांशही नाही! प्रयोगशाळेच्या अहवालावर हल्ली गाळण्याच्या गतीचा जो अंदाज छापून येतो तो याच स्त्रीच्या बाबतीत सुमारे ५८ येईल. कारण तो सरासरी आकाराच्या देहासाठी मांडलेला असतो व त्यात रुग्णाचे वजन विचारात घेतलेले नसते. औषधाची मात्रा ठरवताना हा फरक क्षुल्लक नव्हे. शंका उरल्यास सिस्टॅटीन-सी ही तपासणी करता येते. ती स्नायूंच्या प्रमाणावर फारशी अवलंबून नसते. मात्र तिला खर्च अधिक येतो व ती सर्वत्र होत नाही.

औषधे साचतात तेव्हा

या स्त्रीला ॲमँटाडीन दिले जात आहे असे समजू. लेव्होडोपामुळे होणाऱ्या अनैच्छिक हालचालींवर हे औषध गुणकारी आहे. त्याचे शरीरात फारसे रूपांतर होत नाही. जवळजवळ सर्वच्या सर्व मूत्रावाटे जसेच्या तसे बाहेर पडते. मूत्रपिंडे मंद असली की ते साचते. नेहमीची मात्रा म्हणजे १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. गाळण्याची गती ३० ते ५० च्या दरम्यान असलेल्या रुग्णाला ती निम्म्यावर आणावी लागते, आणि त्याहूनही खाली गेलेल्यास आणखी कमी. तसे न केल्यास काही आठवड्यांत रुग्ण चमत्कारिक बोलू लागतो. संध्याकाळी सोप्यावर मुले खेळताना दिसतात, मृत नातेवाईक भेटून जातात, अंगाला अधूनमधून झटके बसतात. घरची माणसे देवस्की करतात. डॉक्टरला बुद्धिभ्रंशाची शंका येते. वास्तविक दोष असतो गोळीच्या मात्रेचा. निकामी मूत्रपिंडांच्या रुग्णात साचलेले हे औषध डायलिसिसनेही फारसे निघत नाही. ते ओसरण्यास कित्येक दिवस लागतात.

प्रामिपेक्सोलची गोष्टही अशीच. तेही मुख्यतः मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते व साचल्यास भास, अतिनिद्रा व संभ्रम निर्माण करते. त्याच वर्गातील रोपिनिरोलचा निचरा यकृताकडून होत असल्यामुळे मूत्रपिंडांचा विकार सौम्य असताना त्याची इतकी अडचण येत नाही. स्वतः लेव्होडोपाही या बाबतीत बराच निरुपद्रवी आहे. सांधेदुखी वा मज्जातंतूंच्या वेदनेसाठी दिले जाणारे गॅबापेंटिन व प्रिगॅबालिन आणि स्नायूंचा ताठरपणा घालवण्यासाठी दिले जाणारे बॅक्लोफेन ही तिन्ही मात्र मूत्रपिंडांवर अवलंबून असून, वेगवेगळ्या डॉक्टरांनी वेगवेगळ्या कागदांवर लिहिलेली असल्यामुळे त्यांची एकत्र बेरीज कोणी करीत नाही. ट्रायहेक्सिफेनिडील हे जुने औषध कंप कमी करते खरे, परंतु वृद्धाच्या स्मृतीवर ते मूत्रपिंडे चांगली असतानाही घाला घालते.

एक दुष्टचक्र येथे सांगणे आवश्यक आहे. मूत्रपिंडांच्या विकारात मळमळ होते. ती थांबवण्यासाठी मेटोक्लोप्रमाइड दिले जाते. हे औषध मेंदूतील डोपामीनचीच वाट अडवते आणि मूत्रपिंडे मंद असल्यास साचतेही. रुग्ण अधिक ताठरतो, अधिक गोंधळतो. भास होऊ लागले म्हणून हॅलोपेरिडॉल दिले तर तो अंथरुणालाच खिळतो. कंपवाताच्या रुग्णाच्या कागदावर ही दोन्ही नावे ‘वर्ज्य’ म्हणून ठळक लिहिलेली असावीत.

याचा अर्थ घरच्यांनी आपल्या मनाने गोळ्या बंद कराव्यात असा मुळीच नाही. ॲमँटाडीन वा लेव्होडोपा एकाएकी थांबवल्यास तीव्र ताप, ताठरपणा व बेशुद्धी यांसारखा प्राणघातक प्रसंग ओढवू शकतो. मात्रा उतरवायची ती डॉक्टरच्या देखरेखीखाली, टप्प्याटप्प्याने. आणखी एक गैरसमज असा की, लेव्होडोपा घेणाऱ्याची लघवी कधीकधी तांबूस वा काळपट होते, ते पाहून ‘गोळीने मूत्रपिंडे गेली’ असे मानून औषध टाकले जाते. हा केवळ रंगाचा फरक असतो. त्याचा मूत्रपिंडांच्या बिघाडाशी संबंध नाही.

खाजकुहिलीच्या बियांविषयीही थोडे सांगितले पाहिजे. आयुर्वेदात कंपवातावर या बिया वापरल्या जातात व त्यांत खरोखरच लेव्होडोपा असतो. मद्रास येथे दामोदरन व रामस्वामी यांनी तो १९३७ साली त्यांतून वेगळा काढून दाखवला होता. तेव्हा हे चूर्ण निरुपयोगी नाही, आणि नेमकी तीच त्याच्या बाबतीतील अडचण आहे. ते घेत असल्याचे डॉक्टरला सांगितले नाही, तर एकूण मात्रा किती झाली हे कोणालाच कळत नाही.

पाणी, लघवी व रक्तदाब

कंपवाताचा रुग्ण पाणी कमी पितो. रात्री वारंवार लघवीला उठावे लागते, उठताना तोल जातो, दुसऱ्याला हाक मारण्याचा संकोच वाटतो. शिवाय गिळताना ठसका लागतो. म्हणून तो दुपारपासूनच पेला दूर सारतो. वैशाखातल्या उकाड्यात, अथवा दोन दिवस जुलाब झाल्यावर, अशा रुग्णाची मूत्रपिंडे पाहता पाहता थकतात. त्यातच गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेली डायक्लोफेनॅक वा आयबुप्रोफेनची गोळी, रक्तदाबाची गोळी व लघवी वाढवणारी गोळी अशी तिन्ही एकत्र आली की मूत्रपिंडांना होणारा रक्तपुरवठा खालावतो. कालपर्यंत ठीक असलेला माणूस आज असंबद्ध बडबडू लागला, तर रोग एका रात्रीत वाढला असे समजू नये. एका रात्रीत वाढतो तो बहुधा संसर्ग, निर्जलीकरण वा औषधाचा संचय. मूत्राशय पुरते रिकामे न झाल्याने होणारा मूत्रमार्गाचा संसर्ग वृद्धात ज्वराशिवायही केवळ संभ्रमाच्या रूपाने प्रकट होतो. लघवीची तपासणी व क्रिएटिनीन ही अशा वेळी प्रथम करावयाची कामे होत.

पाणी किती द्यावे याचे एकच माप नाही. हृदय दुबळे असलेल्यास वा पायांवर सूज असलेल्यास ते बेताने द्यावे लागते. शहाळ्याचे पाणी आपल्याकडे सर्व दुखण्यांवर उतारा मानले जाते. पण त्यात पोटॅशियम भरपूर असते व मूत्रपिंडांचा विकार पुढे गेलेल्या रुग्णाला ते हृदयाच्या दृष्टीने धोक्याचे ठरू शकते. पेज किंवा साधे पाणी घोटाघोटाने, दिवसा अधिक व निजण्यापूर्वी कमी, असे दिल्यास रात्रीची यातायातही वाचते.

या रोगात उभे राहिल्यावर रक्तदाब एकदम उतरण्याची खोड असते. त्या क्षणी मेंदू व मूत्रपिंडे दोन्ही उपाशी राहतात. म्हणून रुग्णाचा रक्तदाब केवळ बसवून मोजणे पुरेसे नाही. आडवा असताना एकदा व उभे केल्यावर तीन मिनिटांनी एकदा मोजावा. वरच्या आकड्यात २० वा त्याहून अधिक उतार आढळल्यास रक्तदाबाच्या गोळ्यांचा फेरविचार करावा लागतो.

ब-१२ जीवनसत्त्वाची तपासणी बहुधा राहून जाते. लेव्होडोपाच्या दीर्घ वापराने रक्तातील होमोसिस्टीन वाढते. मूत्रपिंडे मंद झाली तरी ते वाढते. ब-१२ ची उणीव असल्यास त्यात आणखी भर पडते, आणि ही उणीव स्वतंत्रपणेही स्मृती व पायांतील संवेदना बिघडवते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्या व शाकाहारी वृद्धात ती विशेष संभवते. उपाय स्वस्त व निर्धोक आहे.

गोव्याच्या दृष्टीने हा विषय दूरचा नाही. २०११ च्या जनगणनेनुसार येथील लोकसंख्येत साठीपुढील व्यक्तींचे प्रमाण ११.२ टक्के होते. केरळखालोखाल हे प्रमाण देशात मोठे होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत गोव्यातील २६.४ टक्के प्रौढांना मधुमेह असल्याचे आढळले. देशाची सरासरी होती ११.४. मधुमेह हे मूत्रपिंडे निकामी होण्याचे प्रमुख कारण आहे. त्यामुळे कंपवात, मधुमेह व थकलेली मूत्रपिंडे एकाच देहात एकत्र आलेले रुग्ण येथील बाह्यरुग्ण विभागांत यापुढे अधिकच दिसतील.

कंपवाताच्या रुग्णाचे क्रिएटिनीन, सोडियम, पोटॅशियम, लोह्यरंजक व लघवीतील अल्ब्युमीन निदान वर्षातून एकदा पाहिले जावे. गाळण्याची गती ६० च्या खाली गेली असल्यास त्याहून वारंवार, तसेच नवे औषध सुरू करताना व बुद्धीत अचानक बदल दिसल्यास तत्काळ. घरच्यांनी येताना सर्व गोळ्यांची पाकिटे, चूर्णे व काढे एका पिशवीत घालून आणावेत. बुद्धीची चाचणी घेताना घड्याळाची तबकडी काढून त्यात अकरा वाजून दहा मिनिटे दाखवण्यास सांगतात; त्या कागदावर तारीख घालून तो जपून ठेवल्यास सहा महिन्यांनी काढलेल्या घड्याळाशी ताडून पाहता येते. प्रत्येक भेटीत केसपेपरवर रुग्णाचे त्या दिवशीचे वजन लिहिलेले असावे. त्यावाचून वरील गणित मांडताच येत नाही. ज्या रुग्णाला वजनकाट्यावर उभे राहता येत नाही त्याला खुर्चीसह तोलून खुर्चीचे वजन वजा करावे.